दम सोडणारी करवत

थोरला : …मोकळी धरली की गुरगुरते, लाकडाला टेकवली की दम सोडते. पावसाळा संपल्यापासून हेच चाललंय, मेस्त्री.

मेस्त्री : पेट्रोलमध्ये ऑईल कोण मिसळतं?

थोरला : हा आमचा धाकटा. किती मिसळतो ते त्यालाच ठाऊक. रोज सांगतो, जरा हात आवर म्हणून. ऐकेल तर माझा भाऊ कसला!

धाकटा : पडत असेल जास्त.

मेस्त्री : जास्त पडलं असतं, तर प्लग काळा झाला असता. हा बघा, छान विटकरी आहे. हवेचा फिल्टर स्वच्छ, पेट्रोलची गाळणी नवी. साखळीला धार कोणी लावली?

थोरला : त्यानंच. तेवढं जमतं त्याला. पण खरं सांगू? म्हातारी झालीय ही. ती भिंतीवरची नवी काढा. उद्या दवाखान्याच्या आवारातलं मोठं झाड उतरवायचंय. गेल्या खेपेला ही ऐन वेळी बसली आणि खोड उलटं फिरलं. हा खाली दोर धरून उभा. वीतभर अंतरावरून गेलं.

मेस्त्री : विकत घेण्याआधी हिला एकदा ओंडक्यावर चालवून बघू.

(करवतीचा आवाज चढतो, न अडखळता ओंडक्यातून पार जातो आणि थांबतो.)

थोरला : तुमच्या हातात गुणी झाली. घरात धिंगाणा घालणारी पोरं पाहुण्यांपुढे शहाणी होतात, तशी. द्या इकडे… हे बघा. बसली की नाही?

मेस्त्री : खटका पूर्ण दाबा.

थोरला : दाबलाय.

मेस्त्री : बोटांकडे बघा, दादा.

थोरला : दाबलाय म्हणतोय ना!

मेस्त्री : नुसतं बघा.

थोरला : …कधी सुटला हा?

मेस्त्री : सुटला नाही. अर्ध्यावरच होता. गारठ्यात बोटं पांढरी पडतात?

थोरला : सगळ्यांचीच पडतात.

मेस्त्री : सगळ्यांची नाही पडत. शर्टाची बटणं लावता येतात?

धाकटा : वहिनी लावते.

थोरला : तू गप्प बस. …तुला कधीपासून ठाऊक आहे?

धाकटा : तुझ्या हातातून पाण्याचा पेला निसटला होता. तो फुटल्याचा आवाज आल्यावर तू खाली बघितलंस. तेव्हापासून.

थोरला : आणि ऑईलचं? चारचौघांत मी तुझी अब्रू काढत होतो. एकदा तरी तोंड उघडायचंस.

धाकटा : ऑईलला दोष देऊन भागत होतं, तोवर बरं होतं.

थोरला : एवढं कळूनही दोर धरून खाली उभा राहिलास?

धाकटा : दुसरं कोण उभं राहणार होतं?

थोरला : मेस्त्री, नव्या मशीनचा खटका हलका असेल ना?

मेस्त्री : हलका आहे. थरथरही कमी. पण तुम्हाला नाही विकायचो. इतकी वर्षं करवतीची थरथर बोटांत मुरलीय. डॉक्टरांना दाखवा, म्हणजे आहे तेवढं तरी शाबूत राहील.

थोरला : आणि हिचं काय करू?

मेस्त्री : हिला काहीच झालेलं नाही, दादा. अजून पुष्कळ चालेल.

थोरला : …घे रे. अशी धर, डावा कोपर ताठ ठेव. उद्या तू काप. खाली दोर मी धरतो.

धाकटा : दोर नको, दादा.

थोरला : दोरसुद्धा नको?

धाकटा : हातातून सरकला, तर तुला कळायचं नाही. तू लांब उभा राहा. झाड कुठे कलतंय, ते तुझ्याइतकं कुणाला दिसत नाही. तेवढं मला सांग.

थोरला : करवतीच्या आवाजात माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचायचं नाही.

धाकटा : मग हात वर कर. मी बघत राहीन.