पूजेतले बेल्ट

आमच्या पेपर मिलमध्ये सेफ्टीला कोणी मान देत नाही, असं निदान माझ्यासमोर तरी म्हणू नका. मी तिथला सेफ्टी ऑफिसर आहे, डोळ्यांनी पाहिलंय.

खंडेनवमीला आमचे ठेकेदार, शनवारा मोहल्ल्यातले गोपालभाऊ, यांनी शेडमध्ये अवजारांची पूजा मांडली होती. पान्या-हातोड्यांच्या शेजारी कोरे करकरीत सेफ्टी बेल्ट, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मला भरूनच आलं. मग सहज वर पाहिलं, तर त्यांचाच माणूस, धूलकोटचा सुभाष, उंच टाकीच्या काठावर बेल्टशिवाय उभा राहून वेल्डिंग करत होता.

"गोपालभाऊ, याचा बेल्ट कुठंय?"

"पूजेत आहे ना साहेब. आज अवजाराला हात लावत नसतात."

"आणि त्याच्या हातातलं वेल्डिंग मशीन?"

"ते तर किरायाचं आहे. त्याची पूजा त्याचा मालक करेल."

मी सुभाषला आहे तिथंच थांबायला सांगितलं आणि त्याच्यासाठी एक बेल्ट उचलायला वाकलो. गोपालभाऊंनी माझं मनगट धरलं.

"मांडलेली पूजा मोडू नका साहेब. मग वरून कोणी पडलं, तर जिम्मेदारी तुमची राहील."