बोलता येईल इतकं चालणं

तुमच्यातलं चालायला कोण जातं? मग हे ऐका. माझी साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "धावू नका, भरभर चाला. जोरात धावलं की श्वास पुरत नाही, स्नायू साठवलेली साखर घाईनं जाळतात आणि पाय भरून येतात. बेतानं चाललं की श्वास पुरतो, चरबीही जळते."

"वेग बरोबर आहे हे कळायचं कसं?"

"चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये."

बायको गेल्यापासून मी एकटाच चालतो. बोलणार कुणाशी? म्हणून श्रीगोंद्याच्या रस्त्यानं मोठ्यानं पाढे म्हणत निघालो. एकोणतीसच्या पाढ्यात होतो, तेवढ्यात एक मोटारसायकल शेजारी थांबली. वर तिशीतला अनोळखी गडी.

"काका, कुणाशी बोलताय? बरं वाटतंय ना?"

"व्यायाम चाललाय."

"असला कुठं व्यायाम असतो व्हय? दिसभर उसाला पानी धरलंय, आमाला शिकवू नका. बसा, वाटेत घरी सोडतो."

बसलो. गडी लई बोलका. उसाची तोड लांबली, म्हैस आटली, बायको रुसून माहेरी गेली. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. कारखान्याची चिमणी दिसली तेव्हा त्याला आठवण झाली.

"काका, घर कुठं आलं तुमचं?"

"ते मागंच गेलं."

"आन् सांगितलं न्हाई?"

"तू बोलत होतास ना."