उपरण्यानं धरलेली जागा

पुण्याची जमिनीखालची मेट्रो मी एकट्यानं फिरलो गड्याहो. म्हणजे बायको संग होती, अन् तिकिटं तिच्याच पिशवीत होती. आमच्या गावी जवळा बाजारला आमी एसटीच्या खिडकीतून उपरणं टाकून जागा धरतो. इथं खिडकी उघडंना, म्हणून दारातूनच नेम धरून सीटवर फेकलं. बायको आत शिरली. "ती जागा आमची हाय," असं मी मागच्या माणसाला समजावून राहिलो, तेवढ्यात दार लागलं अन् गाडी गेली. बिनतिकिटाचा मी खालीच अडकलो. मागच्या गाडीनं पुढचं ठेसन गाठलं, तर बायको उपरणं घेऊन उभी.

"काहून सोडून गेलीस मला?"

"तुमच्या जागेवर हे उपरणं बसलं व्हतं की. एक शब्द बोललं न्हाई. लग्नापासून पयल्यांदा परवास निवांत झाला."