पडदे बघून ठरवलेलं बाळंतपण

सकाळी साडेदहाला सरकारी दवाखान्यात नर्सने एका पोटुशीचं बीपी दुसऱ्यांदा मोजलं. ते आणखी वाढलं होतं. डॉक्टर येईपर्यंत तिला सासूशेजारी बाकावर बसवलं. पलीकडे आपल्या नंबराची वाट बघणाऱ्या शिंपिणीला कान टवकारायची गरजच पडली नाही.

"तरी म्हणत होते, खासगीत नाव घालू. काय ते पडदे! लिफ्टमध्ये आरसा!"

"आई, बाळंतपण लिफ्टमध्ये करायचंय का?"

"जिभेला हाड नाही तुझ्या. जाऊबाई भेटायला आल्या, की त्यांना या बाकावर बसवू?"

"तिथे डॉक्टर कोण आहेत?"

"हेच की, इथले. पण तिथे ते हसतात."

"आणि रात्री?"

"रात्री काउंटरवर मुलगी असते. फार गोड बोलते."

"मला रक्त लागलं, बाळाला काचेच्या पेटीत ठेवायला लागलं, तर?"

"अगं, सगळी सोय आहे! दारातच अँब्युलन्स उभी असते. लगेच पोचवतात."

"कुठे?"

"इथे."

शिंपिणीने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"मग मी आधीच पोचलेय ना, आई."

"पण त्या गाडीतून आली असतीस, तर चार लोकांनी बघितलं तरी असतं!"

डॉक्टर आले. न हसता म्हणाले, हिला आत्ताच भरती करा.

शिंपीण घरी निघाली तेव्हा सून आत खाटेवर होती. बीपी उतरलेलं नव्हतं. सासू दारात उभी राहून मुलाला फोनवर सांगत होती, "खासगीतली खोली धरून ठेव. खिडकीकडची."