खिडकीखाली बसलेल्या आवडाबाई

सन्माननीय अध्यक्ष पाळकसाहेब, ठाण्याहून मुद्दाम आलेल्या मिशनच्या बाई, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी आणि कल्याणच्या ख्रिस्तमंडळीतील माझ्या बंधुभगिनींनो,

आपल्या आवडाबाई नर्स उद्या नगरकडच्या दवाखान्यात चालल्या. हार एकच आणला आहे, तोही परसातल्या फुलांचा. विकतचा त्यांना आवडला नसता, आणि मला परवडला नसता.

सन १८९५च्या नाताळाआधीची गोष्ट. खाडीकडच्या एका आळीत, नाव सांगत नाही, एक सून सकाळपासून अडली होती. मूल पायाळू. घरची सुईण रखमाबाई, तिचा धीर सुटला. तेव्हा त्या सुनेचा नवरा धावत आवडाबाईंकडे आला. त्यांची औषधांची पिशवी घेऊन मीही मागोमाग गेले. दारात सासूबाई आडव्या!

“बाटगीनं उंबरा ओलांडायचा नाही!”

“नाही ओलांडत, आई. खिडकीखाली एक पाट द्या.”

“पाट मिळायचा नाही.”

“मग भुई आहेच की!”

आणि बसल्या! मुंबईच्या इस्पितळात तीन वर्षं शिकलेली बाई, गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी! माझा पारा चढला. “उठा हो, चला घरी,” मी म्हटलं.

“अहो, आत ती पोर मरते आहे. मानपान कसले काढता?” असं मलाच दटावून त्यांनी खिडकीतून हाक दिली, “रखमाबाई, आधी हात ऊन पाण्यानं, साबणानं धुवा. आणि ओढू नका. कळ येऊ द्या.”

साबण आमच्याच पिशवीतला. तो आत कसा चालला, देव जाणे!

“किती थांबू गं बाई?” आतून रडवेला आवाज.

“बेंबी दिसेपर्यंत. मग ऊन फडक्यात धरा. नुसतं धरा, ओढायचं नाही.”

मी डोळे मिटून प्रार्थना करीत होते. थोड्या वेळानं बाळाचा ट्यांहा ऐकू आला. बाळ-बाळंतीण सुखरूप. नारळ, लुगडं रखमाबाईंना. आम्हाला पाण्याचा पेलासुद्धा नाही. वाटेत आवडाबाई म्हणतात काय, “रखमाबाईंचा हात किती हलका आहे हो! आणि हे कुठं बोलू नका. त्यांचा मान जाईल.” मी तसं वचन दिलं.

प्रभूनं दिलेलं दान आपल्या नावानं मिरवायचं नसतं, हे मॅट्रिक होऊनही मला त्या दिवसापर्यंत कुठं कळलं होतं?

परवा रखमाबाई माझ्या मागल्या दारी आल्या. “तुमची नर्सबाई चालली म्हनं. तवापासनं अकरा बाया सोडवल्या मी, येक दगावली न्हाई. तुमच्या सभेत सांगा, ह्ये तिनं शिकवलं. त्ये लुगडं नेसते मी, पर अंगाला टोचतं बगा.”

एकीनं सांगू नका म्हटलं, दुसरीनं सांगाच म्हटलं. मी रखमाबाईंचं ऐकलं.

बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, आपल्या सर्वांची मी ऋणी आहे. शब्द चुकले असतील तर सभेनं पदरात घ्यावेत. वचन मोडल्याची क्षमा मात्र आवडाबाईंकडेच मागते. त्या मघापासून खाली बसा म्हणून खुणावताहेत. बसते.