एका शेंगदाण्याचं पाणी

(कळंबजवळचं एक गाव. स्वयंपाकघरात वर्षाराणी, तिची सासू हरणाबाई आणि सहा वर्षांची सृष्टी.)

हरणाबाई : आगं, शेंगदाण्याला सुई टोचून काय करायलीस?

वर्षाराणी : जाळणार आहे, आत्या. सुई बटाट्यात रोवली, म्हणजे हात भाजायचा नाही.

हरणाबाई : खायाचा जिन्नस जाळतीस? लक्ष्मी हाय ती.

वर्षाराणी : एकच. पोरगी भाकरीला शिवेना, अन् तुम्ही म्हणता शेंगदाणे खाती, बास झालं. त्यात दम किती, ते बघू दे. कॉलेजात केला होता हा प्रयोग.

हरणाबाई : अन् न्हायच निघाला दम?

वर्षाराणी : तर उद्या दवाखाना.

सृष्टी : मी न्हाय येणार! तिथं सुई टोचतेत.

वर्षाराणी : तू आधी लांब हो. आत्या, धरा तिला.

हरणाबाई : धरली. पर जाळायचाच तर खवट जाळ की, चांगला कशाला?

वर्षाराणी : ती खाते तोच हवा.

सृष्टी : पेटंना, आई.

वर्षाराणी : थांब, दुसरी काडी ओढते... लागला!

हरणाबाई : आगं बया! दिव्यावानी जळायलाय. तेल हाय न्हवं त्यात!

वर्षाराणी : आता ही पळी वर धरते. दोन चमचे पाणी आहे, ते जेवढं तापेल तेवढा दाण्यात दम.

हरणाबाई : काळी केलीस माझी पळी.

वर्षाराणी : घासून देते. बोलू नका, विझेल.

सृष्टी : अजून जळायलाय... अजून... गेला.

हरणाबाई : बघू दे पाणी. आय गं! बोट पोळलं की!

वर्षाराणी : खरंच? बघू... हो, आत्या. एवढ्याशा दाण्यानं!

हरणाबाई : अन् ही तर खिसा भरून नेती शाळंत.

वर्षाराणी : खिसा भरून?

सृष्टी : गूळ पण. आजी देती.

वर्षाराणी : मला कधी सांगितलं नाहीस ते?

सृष्टी : तू भाकरीचंच इचारतीस.

वर्षाराणी : भाजी-भाकरी खावी लागेलच तुला, ती काही सुटत नाही. पण... उपाशी नाही माझी पोर.

हरणाबाई : दिसभर उड्या मारती, ती काय वारा खाऊन? म्या सांगून दमले, तुला पळी काळी केल्याबिगर पटंना. अन् तू गं? सकाळपास्नं काय खाल्लंस?

वर्षाराणी : चहा घेतला.

हरणाबाई : बस हितं.

वर्षाराणी : वाढा, आत्या. आता उतरेल घशाखाली.