लाथ मारून घेतलेलं मशीन

मालकाला नावं ठेवतोय म्हणशीला. ठेवणारच की! शिरोलीत आमच्या मालकांची पिढीजात फौंड्री. मोबाईल नवेनवे आलते, तवा ह्यांनी फिल्मसारख्या वाकणाऱ्या सर्किट पट्ट्यांवर बारीक पार्ट बसवायची ऑर्डर घेतली. मशीन बघायला पुण्याला गेलतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला म्हणून मी संगं.

दोन मशीनं होती. एक हलकं, पण पट्टी खालनं हवेनं ओढून सपाट धरायचं. दुसरं नुसतंच अवजड. बाजारात बैल घेणारासुद्धा आधी दात बघतो. ह्यांनी दोन्ही मशीनांना लाथ घातली.

"हे जड हाललं न्हाय बघ. हेच घ्यायचं."

म्हटलं, "मालक, मशीन न्हाय हालणार, पण पट्टी हालणार की!"

"गप. मशीन मला शिकवतोस व्हय?"

आणलं. नारळ फोडला. पहिलीच पट्टी आत गेली ती पापडागत वाकडी झाली आन पार्ट उडाले. ते गोळा करायला मालक लोहचुंबक घिऊन फरशीवर रांगाय लागले!

आठ दिवसांत माल दिला न्हाय तर ऑर्डर जाणार होती. शेवटी कामावरच्या बायकांनी डब्याच्या झाकणांवर पट्ट्या चिकटवल्या आन चिमट्यानं एकेक पार्ट बसवला. माल बघायला कंपनीचा साहेब आला. म्हणाला, "काम तर हातानं चाललंय. मग एवढं मोठं मशीन कशाला?"

 त्या बायकांतल्या शांताक्का मशीनवरनं आपला जेवणाचा डबा उतरवत म्हणाल्या, "डबे ठेवायला, सायेब. लाथ मारली तरी आमटी सांडत न्हाय."